नाडीदोर

पास्कू फर्नांडिसच्या होडीमागे बांधलेली शेखर खवणेकरची स्कूटर किनाऱ्याकडे येताना दिसली, तेव्हा वैजूने हातातला पाना खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. धामवेळच्या किनाऱ्यावर हे दृश्य त्या आठवड्यात इतक्यांदा दिसलं होतं, की माडाखाली जाळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यांनी मानही वर केली नाही.

स्कूटर म्हणजे रस्त्यावरची नव्हे, पाण्यावरची. सरकारी कागदांत तिला 'जलदुचाकी' म्हणतात, पण ते नाव कागदांतून बाहेर कधी आलंच नाही. बसायला घोड्यासारखी बैठक, धरायला दांडा, आणि खालून पाणी ओढून मागे जोरात फेकणारा पंप. शेखर हा धामवेळचा किनारारक्षक. कुणी पर्यटक लाटेबरोबर आत ओढला गेला, की शेखरने स्कूटरवर टांग टाकायची आणि माणूस घेऊनच परत यायचं, असं गेली कित्येक वर्षं चाललं होतं. त्याची बायको वैजयंती, म्हणजे वैजू, इंजिनं दुरुस्त करायची. बापाच्या हाताखाली शिकली, मग आयटीआय केलं, आणि आता मालवणपासून देवगडपर्यंत कुणाचंही इंजिन खोकलं की फोन तिलाच यायचा.

"घे गो वैजू, तुझो घोव हाडलंय," पास्कूने होडीतूनच आरोळी दिली. "वायच चाय घाल. माझी होडी आता रिक्षा झाली मगो!"

शेखर गुडघाभर पाण्यात उतरला. तोंड इतकं उतरलेलं, की वैजूला त्याला चिडवायचंही सुचलं नाही.

"परत तसाच?"

"परत तसाच. हळू चालवलंय तर काय्येक नाय. पुरी रेस दिलंय, वायच फुडे गेलंय, की खटाक् करून बंद. मगे थोड्या वेळान आपसूक चालू होता. माका वेडावता गो ती!"

बंद पडणारी गाडी ही किनाऱ्यावर काही नवलाची गोष्ट नाही. पण गेल्या रविवारी कोल्हापूरकडचा एक कॉलेजातला मुलगा लाटेने आत नेला होता, आणि शेखर त्याच्याकडे झेपावलेला असताना ही अर्ध्या वाटेत बंद पडली. पास्कूची होडी नशिबाने जवळ होती, म्हणून तो मुलगा वाचला. शेखरला कुणी बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून तो धड जेवत नव्हता, आणि घरात असून नसल्यासारखा वागत होता. त्यात शुक्रवारी हंगाम सुरू होण्याआधीची वेगाची चाचणी होती. किनाऱ्यावरून सुटायचं, लांबच्या लाल पिंपाला वळसा घालून ठरलेल्या वेळात परत यायचं. जो येणार नाही त्याची जागा जाणार. आणि ती दुसऱ्या माणसाला नव्हे, तर आपोआप धावणाऱ्या एका तराफ्याला मिळणार. जिल्ह्यात तसे दोन तराफे आलेही होते. बुडणाऱ्याच्या हाताला धरायला काही लागतंय का, याची त्या तराफ्यांना पर्वा नसते, असं शेखर म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

"शुक्रवारच्या आधी करतंय मी तिका सरळ," वैजू म्हणाली. "आजपर्यंत एक तरी इंजिन माझ्या हातातून तसाच परत गेला हा?"

फोनवर असो की शेडमध्ये, वैजूचे पहिले तीन प्रश्न ठरलेले असत. इंधन कुठलं भरलं? फिल्टर कधी बदलला? पंपात गवत नाहीतर पिशवी अडकली का? बहुतेक इंजिनं या तिनांतच सुतासारखी सरळ येत. म्हणून तिने स्कूटर शेडमध्ये घेतली, पुढचं झाकण उघडलं आणि तिथूनच सुरुवात केली.

आता सगळ्या गाड्या मळीपासून काढलेल्या इथेनॉलवर चालत होत्या. त्याची खोड अशी, की ते हवेतला ओलावा पिऊन बसतं, आणि समुद्रावर ओलाव्याला काय तोटा! वैजूने टाकी रिकामी केली, धुतली, नवं इंधन भरलं. फिल्टर बदलला. खाली आडवी होऊन पंपात हात घातला, तर शेवाळाचा एक तुराच निघाला. तो तिने शेखरच्या नाकासमोर नाचवला.

"ह्याच ता! पाणी मिळाला नाय, इंजिन तापला, बंद पडला."

दुपारी शेखर समुद्रात गेला आणि पास्कूच्या मागून परत आला.

वेगातच का, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर वैजूच्या मते सोपं होतं. हळू चालताना इंजिन घोटघोट पितं, वेगात त्याला घटाघटा लागतं. नळीत कुठे अडत असेल, तर ते वेगातच उघडं पडतं. टाकीत हवा शिरायची बारीक वाट बुजली असेल, तरी तेच होतं. म्हणून तिने झाकण सैल करून पाहिलं, प्लग बदलले, तारा तपासल्या. स्कूटरला स्वतःचा छोटा मेंदू होता आणि बंद पडताना तो पडद्यावर एकच शब्द दाखवायचा, 'सुरक्षा-थांबा'. इंजिन तापलं तरी तोच, गाडी कलंडली तरी तोच, दोर सुटला तरी तोच. वैजू त्या पडद्याला म्हणायची, सासूसारखो असा मेलो, रागावलो की बोलना नाय.

शेवटी ती स्वतः बसली. पुरी रेस देऊन खाडीच्या तोंडापर्यंत गेली, पिंपाला वळसा घातला, पाण्याचा फवारा उडवत परत आली. गाडी एकदाही अडखळली नाही. किनाऱ्यावर शेखर तोंड वासून उभा होता.

"तुझा वजन," वैजूने निकाल दिला. "तू बसलस की इंजिनावर ताण येता. जास्त इंधन होया, आणि पंप देणा नाय."

"लग्नात होता ताच वजन असा माझा!"

"लग्नात तू एकटो होतस. आता तुझ्याबरोबर सुरमईची टोपली असता पोटात."

म्हातारे हसले. शेखरही हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसला, म्हणून वैजूला इतकं बरं वाटलं की तिने त्याच संध्याकाळी मालवणहून नवा इंधनपंप आणून बसवला. सकाळी शेखर निघाला. पिंपाच्या अलीकडेच इंजिन गप्प झालं.

उरला होता फक्त नाडीदोर.

पूर्वी अशा गाड्यांना साधा दोर असे. एक टोक गाडीच्या खटक्यात, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पडला की दोर सुटे आणि इंजिन बंद होई. पण किनाऱ्यावरचे लोक हुशार. ते खटक्यात एक जादा क्लिप कायमची अडकवून ठेवत, म्हणजे दोराची कटकटच नको. मग कुठल्याशा किनाऱ्यावर माणूस पडला, गाडी तशीच पुढे धावत आंघोळ करणाऱ्यांत घुसली, आणि नवा कायदा आला. आता दोराच्या टोकाला मनगटपट्टा होता आणि तो नाडी बघायचा. पट्ट्याखाली जिवंत माणसाचे ठोके लागले, तरच गाडी वेग घ्यायची. चालवणारा भोवळ येऊन पडायच्या बेतात असेल, तरी गाडी थांबावी, अशीही त्यात सोय असल्याचं बोललं जायचं. पण ती माहिती कुणी वाचली नव्हती. माहिती वाचून गाडी चालवणारा माणूस त्या किनाऱ्यावर तरी अजून जन्माला आलेला नाही.

"पट्टो तुझी नाडी धरणा नाय असात," वैजू म्हणाली. "मिठान तुझी कातडी बघ, कासवासारखी झालीहा. दुसऱ्या कोणाच्या तरी हाताक बांधून बघू."

दुसरं कोणी म्हणून जवळ फक्त बांगडो होता. बांगडो म्हणजे त्यांचा कुत्रा. पाठीवर निळसर-काळे पट्टे, म्हणून ते नाव. रस्त्यावरच्या स्कूटरवर कुत्रे पुढे उभे राहतात तसा तोही पाण्यावरच्या स्कूटरवर पुढे उभा राही, आणि समुद्र आपल्याच मालकीचा असल्यासारखा भुंके. वैजूने पट्टा त्याच्या पुढच्या पायाला बांधला. शेखर आणि बांगडो निघाले. धड वेगही आला नव्हता, तोच गाडी बंद पडली. त्या दोघांना ओढून आणताना पास्कूला हसू आवरेना.

"आता कुत्र्याकय टो करूचो लागता!"

वैजूने नाडीदोराला निर्दोष सोडलं. माणूस बदलला तरी बंद पडते, म्हणजे दोष दोराचा नव्हे. परत वजनावर यायचं. गुरुवारी दुपारी ती शेखरला म्हणाली, "मी मागे बसतंय. दोघांच्या वजनान लवकर बंद पडली, तर समजाचा की ताणच असा. मगे बघतंय मी तिच्याकडे."

या किनाऱ्यावर एक रीत आहे. गाडीवर दोघं असली की दोर मागच्याच्या हाताला बांधायचा, कारण पडतो तो मागचाच. शेखरने सवयीने पट्टा वैजूच्या मनगटावर गुंडाळला, दोनदा ओढून पाहिला, आणि ते निघाले.

गाडी बंद पडली नाही. किनारा मागे पडला, माड लहान झाले, शेखरने रेस दाबून धरली ती सोडलीच नाही. गाडी लाटांच्या डोक्यावरून उडत होती. वैजूने त्याच्या पोटाला घट्ट मिठी मारली होती आणि खारं पाणी तिच्या तोंडात जात होतं. तो मोठमोठ्याने काहीतरी ओरडत होता. लग्नाआधी एकाच वाडीत राहूनही त्यांना एकमेकांशी चोरून बोलावं लागे, तेव्हा तो असा ओरडत होडी हाकायचा, आणि ती किनाऱ्यावरून ऐकायची. आत्ता तिला तो तसाच वाटला. आपला नवरा आपल्याला परत मिळाला, असं तिला वाटलं आणि भर समुद्रात डोळे भरून आले.

"चलली गो!" पिंपाला वळसा घालताना शेखर ओरडला. "दोघांक घेवन चलली!"

किनाऱ्यावर येताच तो म्हणाला, "म्हणजे दोरच. तुझ्या हाताक लागता, माझ्या नाय."

"मगे कुत्र्याच्या पायाक कशाक नाय लागलो?"

"केस! तेच्या पायाक केस, माझ्याय हाताक केस. पट्ट्याक नाडी गावणा नाय."

वैजूने त्याचं मनगट हातात घेऊन पाहिलं. केस होते खरे. तिला ते पटलं, कारण पटावं असंच तिला वाटत होतं. नवा पट्टा यायला आठवडा लागला असता आणि चाचणी दुसऱ्याच दिवशी होती.

मग तिने आजवर कुणासाठी केलं नव्हतं ते केलं. किनाऱ्यावर 'खोटी नाडी' मिळायची. शर्टाच्या बटणाएवढा तो तुकडा दोराच्या आत जोडला, की गाडीला सतत एका लयीतले ठोके ऐकू येत. मग पट्टा हाताला असो नाहीतर खुंटीला. कायद्याने बंदी होती, तरी अर्ध्या किनाऱ्याच्या खणांत तो पडलेला असे. वैजूकडेही एक होता, कुणाच्या तरी गाडीतून काढलेला. बसवून द्या म्हणणाऱ्यांना तिने नेहमी हाकलून दिलं होतं. त्या संध्याकाळी तो तिने स्वतःच्या हातांनी शेखरच्या दोरात बसवला. एका दिवसापुरता, असं ती स्वतःलाच म्हणाली. शेखरने त्या दिवशी कढीबरोबर दोनदा भात घेतला. त्याच्याकडे बघत तिनेही पोटभर खाल्लं.

शुक्रवारी सकाळी शेखर स्कूटर घेऊन पुढे गेला. वैजू मागून जाणारच होती, तेवढ्यात डॉक्टर तायशेटे आल्या. त्या गुरांच्या डॉक्टर. बांगडोची वर्षाची सुई त्यांनी आज द्यायची ठरवली होती. त्यांनी त्याचे कान पाहिले, दात पाहिले, मग छातीला नळी लावून ऐकत बसल्या.

"कसा असा काळीज?" वैजूने स्वतःचे केस विंचरता विंचरता विचारलं. "किनारारक्षक म्हणून लावलो, तर चलात मा?"

"ठणठणीत आहे. ऐका हवं तर."

त्यांनी नळी तिच्या कानांना लावली. वैजूने आयुष्यभर इंजिनंच ऐकली होती. तिने डोळे मिटले. ठोके भरभर आले, मग संथ झाले, मध्येच एक लांब पोकळी आली, इतकी लांब की तिने डोळे उघडले, आणि मग पुन्हा भरभर.

"डॉक्टर, ह्या चुकता! ह्येचो एक ठोको जाता मधीच."

तायशेटे हसल्या. "कुत्र्याचं तसंच असतं. श्वास घेतला की जलद, सोडला की संथ. चांगल्या कुत्र्याची ती खूण. माणसाचं असं ऐकू आलं असतं, तर मी त्याला चहासुद्धा पिऊ दिला नसता, आधी इस्पितळात घातला असता."

वैजूच्या हातातला कंगवा खाली पडला.

म्हणजे पट्ट्याला बांगडोची नाडी लागत होती. केसांतूनही नीट लागत होती. त्याने ती मोजली होती, ठोके चुकताना पाहिले होते, आणि माणसाचं काळीज समजून गाडी थांबवली होती. वैजूचे ठोके त्याला पसंत पडले होते. बांगडोचे नाहीत. आणि शेखरचे नाहीत. हळू चालताना चालत होते, वेगात नाहीत.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ती नळी घेवन माझ्याबरोबर येवा. आत्ता. काय इचारू नको."

वाटेत, तायशेटेंच्या गाडीवर मागे बसून, तिने तुटक तुटक सगळं सांगितलं. किनारा जेमतेम हाकेच्या अंतरावर, पण तिला तो रस्ता संपेसा वाटेना. काल आपल्या मनगटावर दोर होता म्हणून गाडी पळाली. आपल्या ठोक्यांवर तो पळाला. आणि आज त्याच्या दोरात दगडासारखी खोटी नाडी आहे, तीही आपणच बसवलेली. आता तो कोसळला तरी गाडी थांबणार नाही. तिला रडूही येईना.

किनाऱ्यावर तोबा गर्दी होती. परीक्षक हातातल्या पडद्यावर नावं घेत होते. शेखर कमरेएवढ्या पाण्यात स्कूटरवर बसून आपल्या पाळीची वाट बघत होता आणि पास्कूशी थट्टा करत होता. वैजू साडीसकट पाण्यात शिरली. थेट त्याच्यापाशी गेली, दोर खटक्यातून उपटला आणि ब्लाउजमध्ये खुपसला.

"गो! काय करतस?"

"खाली उतर."

"माझो नंबर येता आता!"

"शेखर, खाली उतर. माझी शपथ असा तुका."

ती एरवी शपथा घालणारी बाई नव्हती. तो उतरला. तिने त्याला हाताला धरून वाळूत आणलं आणि म्हणाली, "धाव. त्या माडापर्यंत धाव आणि परत ये. जोरान."

गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. पास्कू ओरडला, "गाडी धावना नाय म्हणान घोवाक धावडवता मगो!" शेखर चिडला होता. पण तिच्या तोंडाकडे बघून तो धावला, गेला आणि धापा टाकत आला. वैजूने सगळ्या गावासमोर त्याच्या छातीवर कान ठेवला. या गावात नवरा-बायको बाजारातसुद्धा दोन हातांचं अंतर ठेवून चालतात. शिट्ट्या वाढल्या. तिला त्या ऐकू आल्या नाहीत. ठोके घाईने धावत होते, ठेच लागल्यासारखे अडखळत होते, मध्येच थांबत होते. जन्मभर इंजिनं ऐकलेल्या बाईला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"डॉक्टर, तुमी ऐका."

तायशेटेंनी नळी लावली. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मी जनावरांची डॉक्टर आहे," त्या हळूच म्हणाल्या, "पण हे मला आवडलं नाही. यांना खाली बसवा. आणि कुणीतरी गाडी काढा."

आता शिट्ट्या थांबल्या. शेखर वाळूत बसला. परीक्षकांनी त्याचं नाव पुकारलं. एकदा, मग आणखी एकदा. तो उठायला गेला, तेव्हा वैजूने त्याच्या खांद्यावर सगळा भार टाकला.

"माझी जागा जातली, वैजू."

"जावंदे."

"तराफो हाडतले ते हय."

"हाडूंदे! तराफ्याक बुडवूक येता, तुका नाय." आणि मग तिला रडू आलं. "काल मी खोटी नाडी बसवलंय तुझ्या दोरात. माझ्या ह्या हातांनी. ती गाडी इतके दिवस तुका थांबवी होती, आणि मी तिचा तोंड बंद केलंय."

शेखरने तिला शेजारी वाळूत बसवलं. मग म्हणाला, "बंद पडाच्या आधी माझ्या डोळ्यांफुडे काळोख येय. माका वाटला, गाडीन दचको दिल्यान म्हणान येता."

"आधी येय? मगे सांगलस नाय ता?"

"तू इंजिनाबद्दल इचारीत होतस मा," शेखर म्हणाला.

ओरोसच्या इस्पितळातून त्याला कोल्हापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला चालत्या पट्ट्यावर पळवलं आणि ठोक्यांचा आलेख काढला. काळजात ठोक्याची जी वाट असते, तिच्या शेजारी एक चोरवाट होती. शांत बसलेला असताना ठोके मोठ्या रस्त्याने जात, पण काळीज चेकाळलं की चोरवाटेने शिरत आणि गोंधळ घालत. पर्यटक बुडतोय असं दिसल्यावर शेखरचं काळीज जितकं चेकाळे, तितकं कशानेच चेकाळत नसे. मांडीतून बारीक तार सरकवून ती चोरवाट बंद करता येते, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर आलात, हेही म्हणाले. ते ऐकून वैजू बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि तिने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

चोरवाट बंद करून शेखरला घरी आणल्यावर तिने स्कूटरच्या कंपनीला फोन लावला. तिकडे एक मुलगी होती, गोड आवाजाची. "ताई, गाडीला ठोके कळतात," ती म्हणाली, "पण माणसाच्या शरीरातलं दुसऱ्याला सांगायची तिला कायद्याने बंदी आहे. म्हणून पडद्यावर फक्त सुरक्षा-थांबा येतो. चालकाने स्वतः अंगठा लावून कारण विचारलं असतं, तर तिने त्यांना सांगितलं असतं. पहिल्या दिवशी त्यांनी मान्य केलंय तसं."

वैजूने शेखरकडे पाहिलं. पहिल्या दिवशी त्याने 'मान्य'वर बोट ठेवलं होतं आणि समुद्रात पळाला होता.

"म्हणजे काळीज माझा," शेखर म्हणाला, "आणि खबर तिका. मिया अंगठो लावन इचारूचा, बाये, माझ्या काळजात काय चल्लाहा!"

"लावतलस आता?"

"रोज लावतलंय."

दिवाळीपर्यंत त्याला समुद्र बंद होता. धामवेळच्या किनाऱ्यावर तात्पुरता तराफा आला, आणि तो पाण्यात उतरला की शेखर शेडच्या दारातून त्याला नावं ठेवत बसे. बाकी वेळ तो वैजूच्या हाताखाली प्लग घासायचा, आणि ती त्याला नवशिक्यासारखी रागवायची. खोटी नाडी तिने हातोड्याने ठेचून टाकली होती. नाडीदोर मात्र खुंटीवर टांगलेला असे. संध्याकाळी काम आवरलं की ती तो काढून शेखरच्या मनगटाला बांधी, आणि दुसरं टोक उभ्या गाडीत घालून त्याला अंगठा टेकवायला सांगे. पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली, की ती त्याच्या शेजारी पायरीवर बसून चहा पिई. बांगडो दोघांच्या पायांवर मान टाकून झोपे. चोरवाट बंद झाल्यापासून रेघ एकदाही अडखळली नव्हती, तरी ती रोज शेवटपर्यंत बघायची.

एका अशाच संध्याकाळी फोन वाजला. वेंगुर्ल्याकडून कुणी माणूस बोलत होता. मागे लाटांचा आवाज येत होता.

"वैजूताई मा? आमची स्कूटर पुऱ्या वेगात बंद पडता ओ. सगळा बदलून बघलंय. पास्कू म्हणा होतो, तुमच्याकडे ती खोटी नाडी असा. तेवढी धाडशात काय?"

वैजूच्या तोंडात सवयीचा प्रश्न आला होता, इंधन कुठलं भरलं म्हणून. तिने तो गिळला. पडद्यावर शेखरची रेघ शांतपणे धावत होती. तिने नकळत त्याचा हात धरला.

"चालवता कोण?" तिने विचारलं.

"चालवता? माझो पोरगो. कित्याक ओ?"

"तेका हाक मारा," वैजू म्हणाली. "आणि तो येईपर्यंत माका सांगा, गाडी बंद पडाच्या आधी तेच्या डोळ्यांफुडे काळोख येता काय?"